तीन मिनिटं झाली, वाढवू का?

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव हजेरीपटात पडून पडून गंजलं होतं. गंमत अशी, की दोनच वर्षांपूर्वी याच मुलीला घरात ‘मुकी मैना’ म्हणत. वर्गात उत्तर येत असलं तरी ही बाकाखाली बघायची. दुकानात वही मागायला जायची, दुकानदार तीनदा ‘काय? काय?’ करायचा, आणि ही रिकाम्या हातांनी आणि भरल्या डोळ्यांनी घरी यायची. शेवटी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याने तिला हातात घेतलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सव्वीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा एक छत्री, एक डबा आणि तो आवाज घेऊन ती घरी आली. आणि आवाज तरी कसला! आत्या नुसतं ‘दूध संपलंय’ म्हणाली तरी रेडिओवर काहीतरी मोठं घडल्यासारखं वाटायचं.

तिने टकळीला जिन्याच्या तळाशी उभं केलं आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेली. “आता सांग, काल काय वाचलंस. ओरडायचं नाही, ओरडणाऱ्याचं अर्धंच ऐकू येतं. पोटातून बोल. आणि वाक्याचा शेवट गिळतेस कशाला? ती काय औषधाची गोळी आहे?”

पंधरा दिवसांत अख्ख्या इमारतीचा इतिहासाचा अभ्यास झाला. सोळाव्या दिवशी तळमजल्यावरच्या शिंपीणबाई दार उघडून वर बघत म्हणाल्या, “ताई, चालू झाली बरं का! आता बंद कशी करायची तेही शिकवा!”

सगळे हसले. आत्या मात्र चटकन आत गेली. शिंपीणबाईंशी ती नेहमीच अशी वागायची. तेरा वर्षं एका इमारतीत राहून ती कधी त्यांच्याकडे टेकली नव्हती. मापसुद्धा दारातच उभ्याने द्यायची. टकळीला वाटायचं, काहीतरी जुनं भांडण असेल, बायकांची असतात.

तर अशी ही टकळी बोलायला लागली ती लागलीच. आणि त्या वर्षी आंतरशालेय वादविवाद स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, ‘युद्धकाळातल्या नेत्यांवर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालावा का?’

हा विषय त्या वर्षी हवेतच होता. तीस वर्षांपूर्वीच्या युद्धात देश ज्यांच्या शब्दावर चालला ते थोरले (त्यांना सगळे थोरलेच म्हणत, प्रेमाने म्हणत तेही आणि दात खाऊन म्हणत तेही) आता एक्याऐंशी वर्षांचे होते. नव्या सरकारने त्यांना परदेशातल्या न्यायालयाच्या हवाली केलं होतं. तीन आरोप होते, त्यातला सगळ्यात मोठा सूतगिरणीचा. नदीकाठच्या गावातल्या सूतगिरणीवर थोरल्यांच्या फोनवरच्या हुकमाने तोफा डागल्या गेल्या. आत शत्रूचे सैनिक आहेत असा निरोप होता. आत होती गावातली तीनशे चौदा माणसं, आसऱ्याला आलेली. थोरले म्हणत होते, “आत माणसं आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही.” तोफखान्याचा कमांडर युद्धातच गेला होता. मग विचारायचं कुणाला?

त्या गिरणीत शिंपीणबाईंचे वडील आणि दोन भाऊ होते. हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून त्यांच्यासमोर कुणी हा विषय काढत नसे.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टकळीच्या समोर दुसऱ्या शाळेची एक चष्मेवाली होती. मुलगी हुशार, आणि वर शांत. टकळीला शांत माणसांचीच भीती वाटायची.

“युद्धात निर्णय मिनिटात घ्यावे लागतात,” चष्मेवाली म्हणाली. “न्यायाधीश त्याच मिनिटाचा पाच वर्षं विचार करतात, तोही गरम चहा पीत. शिवाय असल्या कोर्टात उभं कोण राहतं? हरलेला. जिंकलेल्यांच्या नेत्यांना कुणी समन्स पाठवलंय?”

टाळ्या पडल्या. टकळी उठली. ती म्हणाली, “आपल्या गावातल्या बसचालकाकडून माणूस चिरडला गेला, तर त्याला कोर्टात उभं करतातच ना? रस्ता अवघड होता, मागून घाई होती, हे तो तिथे सांगतो. सांगू दे की! पण मला विचारूच नका, असं म्हणायची सोय त्याला आहे? मग ज्याच्या हातात अख्खा देश होता त्याला कशी असेल?”

जोरदार टाळ्या पडल्या. सामना बरोबरीत आला. मग चष्मेवालीने शेवटचा पत्ता टाकला.

“नेता तीनशे मैलांवर बसलेला असतो. त्याला कुणी काय सांगितलं, काय नाही, हे आज कोण सांगणार? पुरावा कुठाय? नुसत्या संतापावर खटला चालतो?”

टकळीने आपले कागद उलटसुलट चाळले. तीनशे डोकी तिच्याकडे बघत होती, परीक्षकांतले निवृत्त न्यायाधीश घड्याळाकडे बघत होते. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला!

“मी सांगते कोण सांगणार! माझी आत्या सांगेल! थोरल्यांचा तो फोन तिने जोडला होता. तिच्या हातून गेलाय तो!”

छप्पर उडेल असा टाळ्यांचा कडकडाट झाला. ढाल टकळीला मिळाली. चष्मेवालीने हात मिळवला आणि हळूच विचारलं, “तिला विचारलं होतंस?”

नव्हतंच विचारलं. मागच्या हिवाळ्यात, ताप चढला असताना, आत्या एकच वाक्य बोलली होती, “थोरल्यांचा तो फोन माझ्या हातून गेला गं.” बरी झाल्यावर तिने टकळीचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता, “कुणाला सांगायचं नाही.” टकळीने शपथ घेतली होती. घेतली होती, आणि आता ढाल हातात होती.

दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आलं, टकळीच्या फोटोसकट. आत्याने पेपर वाचला, घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली.

“आत्या, ते एकदम तोंडातून...”

“आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवायचे,” आत्या खालच्या आवाजात म्हणाली, “बोर्डावर ऐकलं ते बोर्डावरच सोडायचं. सव्वीस वर्षं पाळलं मी. तापात एकदा चुकले, तर तू माइक लावून सांगितलंस.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. जेवली नाही फक्त.

आठवड्याने दारात एक बाई उभ्या राहिल्या. आखूड केस, जाड पिशवी, आणि जिना चढून फुललेला दम. त्या परदेशातल्या न्यायालयात थोरल्यांवर आरोप ठेवणाऱ्या बाजूच्या वकील होत्या. बाबांनी त्यांना बसवलं. बाबा बस डेपोत मेकॅनिक. त्यांना गाडीखाली झोपायची सवय, वकिलांसमोर बसायची नाही. ते सारखे हात पुसत होते.

“ताई,” वकीलबाई म्हणाल्या, “त्या लाइनवर दोन माणसं होती. एक गेलं. दुसरं म्हणतं मला माहीत नव्हतं. तिसरा कान तुमचा.”

“मला काही आठवत नाही,” आत्या म्हणाली. त्या आवाजात खोटं किती वाईट दिसतं हे टकळीने त्या दिवशी पाहिलं.

वकीलबाईंनी पत्ता ठेवला आणि गेल्या. आणि मग टकळीने ते केलं जे तिला आयुष्यभर आठवणार आहे. तिने आत्याला समजावलं. म्हणजे काय, जिंकली ती. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि टकळी तिच्यासमोर उभी राहून पोटातून, एकेक शब्द स्वच्छ बोलत होती.

“तू रोज शिंपीणबाईंच्या दारावरून जातेस. त्यांनीही पेपर वाचलाय. त्यांनाही सांगणार, आठवत नाही म्हणून? ते म्हातारं खोटं बोलतंय आणि तुला ठाऊक आहे. गप्प बसणारा त्यातलाच असतो, आत्या.”

“ए! तोंडाला आवर घाल!” बाबा आतून ओरडले.

आत्याने हातातला टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाली, “नको रे ओरडूस तिला. बोलाव त्या वकीलबाईंना.”

टकळीला वाटलं, दुसरी ढाल!

जबाब घरातच झाला, जेवणाच्या टेबलावर, सकाळी दहा वाजता. टेबलावर रेकॉर्डर होता, पाण्याचा तांब्या होता. वकीलबाईंनी टकळीला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि ओठांवर बोट ठेवून बजावलं, “तुझी कीर्ती ऐकून आहे मी. इथे एक शब्द नाही.”

आत्या सांगायला लागली. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात आपोआप जोडणारी नवी यंत्रं जळाली, मग तळघरातला जुना बोर्ड वर आणला. एकशे वीस भोकं, एकेका फोनचं एकेक, ती जोडायला बारा दोऱ्या, आणि चार मुली. लांबचा फोन आला की चिठ्ठी लिहायची: कुठून, कुठे, किती वाजता. जोडायचा, पहिले दोन शब्द ऐकायचे, आवाज पोहोचतोय ना बघायचं, आणि चावी मिटायची. पुढचं ऐकायचं नाही. तीन मिनिटं होत आली की चावी उघडायची आणि विचारायचं.

“काय विचारायचं?” वकीलबाईंनी विचारलं.

“तीन मिनिटं झाली, वाढवू का?” आत्या म्हणाली, आणि तिचा तो जुना आवाज खोलीत असा उमटला की बाबा हात पुसायचे थांबले.

“थोरल्यांनाही हे विचारायचात?”

“नाही. त्यांच्या फोनला लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठी असली की मध्ये बोलायचं नाही, कितीही वेळ चालू दे. पण त्या आठवड्यात कागदच नव्हता. लाल चिठ्ठ्या संपल्या होत्या. मी त्यांचा फोन पांढऱ्या चिठ्ठीवर लिहिला.” आत्याने पाण्याचा घोट घेतला. “लिहिताना माहीत होतं कुणाचा आहे ते. पण तीन मिनिटांनी समोर पांढरी चिठ्ठी होती, दुपारची वेळ, आठ दिवे लुकलुकत होते. हाताला जे माहीत असतं ना, ते हात करतो. चावी उघडली. कमांडर म्हणत होते, ‘साहेब, पण गिरणीत...’ आणि मी बोलले.”

“काय?”

“आत्ता म्हटलं ते. त्यांच्या बोलण्यावर. आमची लाइन अशी होती, की मी बोलले की त्या दोघांना फक्त मी ऐकू यायचे.”

वकीलबाईंचं पेन थांबलं.

“माझं वाक्य संपलं, तेव्हा कमांडरांचंही संपलं होतं. शेवटचे दोनच शब्द माझ्या कानावर आले, ‘...माणसं आहेत.’ मग थोरले म्हणाले, ‘ठरल्याप्रमाणे करा,’ आणि ठेवला.”

“त्यांना ते दोन शब्द ऐकू गेले?”

“मला ऐकू आले,” आत्या म्हणाली. “त्यांचं मला माहीत नाही. तीस वर्षं विचार करतेय. खरंच माहीत नाही.”

स्टुलावर टकळीला समजलं, की आपण काय उकरून काढलंय. थोरल्यांना वाचवायला सगळ्या जगात एकच साक्षीदार होता, आणि त्याला आपणच हाताला धरून आणलंय.

“त्यानंतर?” वकीलबाईंनी विचारलं.

“कमांडरांनी लगेच परत फोन मागितला. थोरल्यांकडे येणारा फोन सेक्रेटरीला विचारून द्यायचा. सेक्रेटरी म्हणाला, साहेब जेवायला बसलेत, अर्ध्या तासाने. मी तसं सांगितलं. अर्ध्या तासात...”

वकीलबाईंनी रेकॉर्डर बंद केला. “चहा घेऊ या का थोडा?”

चहाला त्या बाबांबरोबर गॅलरीत उभ्या राहिल्या. टकळीने आत्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“आत्या, ते तीन मिनिटांचं गाळ ना. म्हण, कमांडर बोलले आणि थोरल्यांनी ऐकलं. खोटं थोडंच आहे? बोललेच होते ते! तू मध्ये बोललीस हे कुणाला कळणार आहे?”

आत्याने कपात साखर ढवळली. ढवळतच राहिली.

“परवा सभागृहात तू काय म्हणालीस ते छापून आलंय,” ती म्हणाली. “बसचालकाने खरं सांगावं, म्हणून.”

“पण तो सुटेल ना त्यामुळे!”

“तुला काय वाटलं, मी इतकी वर्षं थोरल्यांना वाचवायला गप्प होते?” आत्याने चमचा बशीत ठेवला. “मला वाचवायला होते गं. आता बोलायचं तर सगळंच बोलायचं.”

वकीलबाई दारात होत्या. त्यांनी ऐकलं असावं. टकळी त्यांच्याकडे वळली. “तुम्ही ते लिहूच नका ना! त्याच्या वकिलाला कळेल!”

“कळेल काय, मीच देणार आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “नियमच आहे. आरोपीच्या फायद्याचं जे हाती लागेल ते त्याला द्यायचं. नाहीतर हवं ते लिहायचं आणि नको ते गाळायचं असलं कोर्ट थोरल्यांकडेही होतंच की. त्यासाठी एवढा जिना कशाला चढू मी?”

त्या हे बोलल्या खऱ्या, पण कप ठेवताना त्यांचा चेहरा सबंध आयुष्याचा दमलेला होता.

दोन महिन्यांनी आत्या आणि बाबा साक्षीला गेले. चार दिवसांनी आले. बाबांनी बॅग ठेवता ठेवता जेवढं सांगितलं तेवढंच टकळीला कळलं. मोठी काच, कानाला भाषांतर ऐकवणारं यंत्र, थोरले गळ्यात मफलर गुंडाळून बसलेले, एखाद्याच्या आजोबांसारखे. त्यांच्या वकिलाने आत्याला फक्त दोन प्रश्न विचारले. तुमचा आवाज त्यांच्या बोलण्यावर पडला का? हो. माझ्या अशिलाला ते ऐकू गेलं असं तुम्ही शपथेवर सांगू शकता का? नाही.

“झालं,” बाबा म्हणाले. “पाच मिनिटंसुद्धा नाही.”

“आणि मग?”

बाबा आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाले, “बाहेर पडताना थोरल्यांचा एक माणूस आला. म्हणाला, साहेबांनी तुमचे आभार मानलेत.”

न्हाणीघरात पाणी वाहत होतं. आत्या हात धूत होती. बराच वेळ धूत होती.

निकाल हिवाळ्यात लागला. रेडिओवर सगळ्या इमारतीने ऐकला, प्रत्येकाने आपापल्या घरात. दोन आरोप सिद्ध, नऊ वर्षं कैद. सूतगिरणीच्या आरोपातून मात्र संशयाचा फायदा देऊन मुक्त. रस्त्यावर कुणीतरी फटाके लावले, कुणीतरी त्याला शिव्या दिल्या. वकीलबाईंचं पत्र आलं: नऊ वर्षं थोडी नाहीत, एका राज्यकर्त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागलं ही गोष्ट लहान नाही. टकळीने ते दोनदा वाचलं. पटलंही. पण तळमजल्यावरचं शिलाई मशीन त्या दिवसापासून बंद होतं, आणि ते बंद असलेलं तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं.

रविवारी सकाळी शिंपीणबाई वर आल्या. गळ्यात टेप तशीच. आत्या दारात उभी राहिली, तर त्या सरळ आत येऊन खुर्चीवर बसल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

“मला तुमचा राग आलाय ताई, हे सांगायला आलेय,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग!”

“हो,” आत्या म्हणाली.

“तेरा वर्षं माझ्या दारावरून गेलात. तुमचे कपडे शिवले मी. एकदा तरी सांगायचंत.”

“हो.”

“हो काय हो! काहीतरी बोला ना!” त्यांनी टेपचं टोक मुठीत धरलं होतं. मग एकदम आवाज खाली आला. “तो कमांडर. पेपरात आलंय की त्याने परत फोन मागितला होता. खरंय ते?”

“खरंय.”

“म्हणजे कुणीतरी सांगत होतं. आमच्यासाठी.”

“सांगत होता. घाईघाईत, बोबडी वळल्यासारखा. तीनदा म्हणाला, ताई, जोडा लवकर.”

शिंपीणबाईंनी मान हलवली, जणू एवढंच न्यायला त्या आल्या होत्या. त्या उठायला लागल्या. टकळीला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आत्या म्हणाली,

“बसा. अजून आहे.”

त्या बसल्या.

“बोर्डावरचं सत्त्याहत्तरावं भोक थोरल्यांच्या जेवणघराचं होतं. सेक्रेटरीला वगळून, थेट. आम्हाला तो नंबर दिलेला होता, आग लागली, घरात कुणी गेलं, तर वापरायला. दोरी माझ्या हातात होती. सत्त्याहत्तर माझ्या कोपरापाशी होतं.” आत्याने कोपर टेबलावर टेकवून दाखवलं. “एवढ्यावर.”

“मग?”

“मग मी कमांडरांना म्हटलं, साहेब जेवतायत, अर्ध्या तासाने प्रयत्न करा. आणि धन्यवाद म्हटलं. शेवटी धन्यवाद म्हणायचा नियम होता.”

“हे कोर्टात सांगितलं नाहीत?”

“तिथे थोरल्यांनी काय ऐकलं एवढंच विचारलं. मी काय करू शकले असते हे कुणी विचारलं नाही. आणि मी होऊन सांगितलं नाही.”

टकळीचं तोंड उघडलं होतं. तिच्याकडे मुद्दे तयार होते, एकापाठोपाठ एक, गोळीबंद. ती तेवीस वर्षांची होती! वरून हुकूम होता! युद्ध चालू होतं, मिनिटात निर्णय घ्यायचा होता, तुम्ही आता गरम चहा पीत विचार करताय! आणि जिभेवर आलेलं ते वाक्य तिला ओळखू आलं. ते तिचं नव्हतंच. ते चष्मेवालीचं होतं, थोरल्यांसाठी बोललेलं. ते इथे चालत असेल तर तिथेही चाललं पाहिजे. तिथे चालत नसेल तर... आत्यासाठी कुठून आणायचं दुसरं?

तिने तोंड मिटलं. ढाल जिंकली म्हणून पुढच्या महिन्यातल्या मोठ्या वादविवाद स्पर्धेला बोलावणं होतं, तिथे आपण जाणार नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं. नेत्यांवर खटला चालावा, हे तिला अजूनही वाटत होतं. उलट जास्तच वाटत होतं. फक्त ते टाळ्यांसाठी म्हणायचं नव्हतं.

शिंपीणबाईंनी चहाला हात लावला नव्हता. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि पाठमोऱ्याच थांबल्या.

“येत्या मंगळवारी आम्ही गिरणीवर जातो. दर वर्षी, त्याच तारखेला. चाळीसेक जण उरलोय. नुसते बसतो तिथे.” मग वळून म्हणाल्या, “तुम्ही या. हे सत्त्याहत्तरचं तिथे सांगा.”

आत्याने खुर्चीची पाठ धरली. “त्यांना चालेल?”

“नाही चालणार. ओरडतील. एखादी हातही उचलेल.” शिंपीणबाईंनी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली. “मलाही आत्ता तसंच वाटतंय. तरी या.”

जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली. मशीन सुरू झालं नाही. आत्याने कपातला त्यांचा गार चहा मोरीत ओतला, कप विसळला, पालथा घातला.

“मीपण येते,” टकळी म्हणाली.

आत्याने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता, माया होती का तेही धड कळत नव्हतं.

“येतेस तर ये. पण तिथे मी बोलणार. तू नाही. माझ्या बाजूनेसुद्धा नाही.”

टकळीने मान हलवली आणि बाबांना विचारायला गेली, नदीकाठच्या गावाला पहिली बस किती वाजता सुटते ते.